चौथ्या घराची सही

टॅड, उद्या दहाला बँकेत जायचंय,
आणि तू आत्ता, रात्री साडेअकराला,
बाविसाव्या रस्त्यावरच्या तळघरात
भट्टीपुढे गुडघे टेकून बसलायस.
मी टॉर्च धरलाय.
बाहेर ईरी सरोवरावरून बर्फ आडवा येतोय,
वर दिलमाया राईच्या मुली कोट घालूनच झोपल्यात.

माझ्या वहीत घरांना आकडे आहेत: एक, दोन, तीन-अ, तीन-ब.
तुझ्या तोंडी मात्र दिलमायाचं,
म्हाताऱ्या प्रुइटचं,
वरच्या ट्रम्पेटवाल्याचं,
आणि रिकामं असलं तरी अजून लॉरेटाचंच,
जी तीन महिन्यांचं भाडं बुडवून पळाली
आणि जाताना फ्रीज लख्ख पुसून गेली.
ते भाडं मी अजून येणे म्हणून धरते.
तू त्या फ्रीजचं कौतुक सांगत फिरतोस.

पहिलं घर तुझ्या खांद्याचं.
कारखान्याने भरपाई दिली, आपण छप्पर घेतलं.
दुसरं पहिल्याच्या जिवावर.
तिसरं घेतलं त्या वर्षी
आपण ख्रिसमसला एकमेकांना
एकेक हातमोजा दिला. जोडी एकच होती.
आता चौथ्यासाठी
आपण राहतो ते गहाण.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
आपलं अंथरूण दोघांचं,
आणि तुझे पाय लग्नापासूनच बाहेर.

आपल्या स्वयंपाकघरातला नळ
ऑगस्टपासून गळतोय.
दिलमायाचा गळला असता तर
तू तासाभरात पोचला असतास.
आपण कुणाकडे तक्रार करणार?

ते चौथं घर मला आवडलं नव्हतं, तुला माहीत आहे.
हिरव्या फरशा, तिरका पोर्च, शेजारी कुत्रा.
पण जिन्याखाली रंगाचे डबे होते ओळीने,
प्रत्येकाच्या झाकणावर खोलीचं नाव आणि तारीख,
कुणीतरी बारीक अक्षरात लिहिलेली.
तू एक उघडलास, काडी बुडवलीस,
म्हणालास, अजून ओला आहे.
तिथेच मी आकडेमोड थांबवली.
थांबवायला नको होती.

आणि आज दुपारी ती वकीलबाई, चष्मा केसांत खोचलेली.
म्हणाली, नवराबायकोच्या नावावर घर असलं
की कायद्याच्या जुन्या भाषेत
त्या दोघांनाही टेनंटच म्हणतात.
तू इतक्या मोठ्याने हसलास
की बाहेरची मुलगी डोकावून गेली.
मग भाडं कुणाला द्यायचं, विचारलंस.
ती हसली नाही.
म्हणाली, तुमच्यापैकी जे मागे राहील
त्याचं सगळं.
काही करावं लागत नाही.
सहीसुद्धा नाही.

मी तेव्हापासून गप्प आहे.
तुला वाटतंय, व्याजदरामुळे.

धर ना नीट, म्हणतोस.
धरलाय. हात थोडा हलला एवढंच.
तुझ्या कमरेच्या जुडग्यात एकोणीस किल्ल्या आहेत,
मी आत्ताच मोजल्या,
दुसरं काही करायला नव्हतं म्हणून.
कुठली कुठल्या दाराची,
कुठली अर्धी फिरवून ओढायची,
कुठल्या दाराला आधी खांदा लावावा लागतो,
वहीत यातलं काही नाही.
बारा वर्षांचा पै-पैचा हिशेब आहे,
आणि मी एकटी आले
तर मला आत शिरता येणार नाही.

फुस्स.
निळी ज्योत उभी राहते, पडते,
मग राहतेच.
वर पाईप कडकडतात, ऊब चढायला लागते,
आणि कुणीतरी, बहुतेक थोरली,
जमिनीवर टाचेने दोनदा ठोकते.
तू वाकड्या पानाने उलट दोनदा ठोकतोस.
ही तुमची खूणही मला माहीत नव्हती.

टॅड, उद्या सही करू.
पण बँक दहाची आहे,
आपण आठलाच निघू.
चारही दारांवर
मला किल्ल्या शिकव.

दिवसाउजेडी? तू विचारतोस, गुडघे झटकत.
किल्ल्या हाताने ओळखायच्या असतात.

आणि टॉर्च माझ्या हातातून घेऊन
विझवतोस.