दोन सूत

वीस फुटी चार पाइप आणि रॅम्प ऐंशी फुटांचा,
म्हणजे जोड तीन.
यावलच्या ग्रामीण रुग्णालयात, फेब्रुवारीत,
सुभान तडवी उस्ताद गुडघ्यांवर बसले
आणि पाइपाच्या तोंडात फुंकर मारली,
चुलीत मारतात तशी.
पलीकडून भुसा आला,
मग एक कोळी, रागावलेला.

आतली नळी वीतभर.
अर्धी या पाइपात, अर्धी त्या पाइपात.
ती कुणाला दिसायची नाही,
भार मात्र सगळा तिच्यावर.
वरच्या पाइपाला भोक पाडायचं,
भोकातून तिला टाका घालायचा,
मग शिवणीवरून गोल फिरायचं श्वास धरून.
हात हलला की मणी ओघळतो,
आणि ओघळलेला मणी ग्राइंडरची चकती खातो,
वर आपली दुपार खातो.

घासून, चमकवून झालं
की उस्ताद खिशातून कापूस काढायचे.
वॉर्डातला पांढराशुभ्र नव्हे,
जिनिंगच्या कुंपणाला अडकलेला,
सरकी असलेला, थोडा मळका.
बोंड जोडावरून ओढायचे, हलकं,
झोपलेल्या पोराच्या कपाळावरून हात न्यावा तसं.
एक तंतू जरी अडकला तर म्हणायचे,
"इथं कोनाची तरी म्हातारी अडकीन. घास."

पहिला जोड त्यांचा. कापूस गेला, परत आला.
तिसरा माझा. अकरा वेळा घास.

आणि मधला?
मधल्या नळीला त्यांनी एकाच बाजूने टाके घातले.
दुसरी बाजू मोकळी, सरकती.
दोन पाइपांच्या मध्ये बरोबर दोन सूत जागा.
मी टॉर्च पेटवून उभा. म्हटलं, उस्ताद, राहिलं.
"राह्यलं नाही, ठेवलं.
पाइपाले बी जागा लागते, भो."

साहेब पाहणीला आले.
त्या फटीत त्यांनी आपलं कार्ड घातलं,
नाव आत गेलं, हुद्दा बाहेर राहिला.
"हे काय? काम अर्धवट?"
उस्ताद म्हणाले, "मे महिन्यात या साहेब, हेच कार्ड घेऊन."
बिल अडकलं ते अडकलंच.
मे येण्याआधी साहेबांची नवापूरला बदली झाली.

आम्हीच गेलो मग, दुपारी दोनला.
डांबर चपलेला चिकटत होतं,
केळीची पानं शिवून ठेवल्यासारखी मिटलेली.
रेलिंगला हात लावला तर हात भाजला.
फटीत कार्ड सोडा, केसही जाईना.
उस्ताद काही बोलले नाहीत.
रसवंतीवर मात्र दोन ग्लास सांगितले,
आणि पैसे स्वतः दिले, हे नोंदवून ठेवण्यासारखं.

जानेवारीत त्यांच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.
आर्कने आधीच अर्धा नेला होता,
उरलेला मोतीबिंदूने.
दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना न्यायला गेलो.
डोळ्यावर पट्टी, उजव्याला धुकं,
केळीवर करपा पडावा अशी थंडी.
मी दंड पुढे केला.
त्यांनी तो बाजूला सारला आणि रेलिंग धरलं.

पहिल्या जोडावरून हात निघून गेला,
त्यालाही कळलं नसावं.
मधल्या फटीत अंगठ्याचं नख सहज बसलं.
"याले थंडी लागली," म्हणाले, आणि हसले.
तिसऱ्याशी थांबले.
"हा तुझा."
कसा कळला, मी विचारलं नाही.

डोळा पुसायला नर्सने दिलेला बोळा
त्यांनी त्या जागेवरून ओढला.
एक तंतू राहिला,
उन्हात हलत, एवढासा.
"पुढच्या खेपेले," म्हणाले, आणि उतरले.

रात्री झोप आली नाही.
सकाळी बारीक कानस घेऊन गेलो.
तंतू वाऱ्याने नेला होता.
पोछेवाल्या बाई बादली टेकवून पाहत राहिल्या,
मी डोळे मिटून
रेलिंगवर हात वर नेतोय, खाली आणतोय,
खाली आणतोय, वर नेतोय,
आणि जोड काही सापडत नाही.