स्टेशन तीन

सकाळच्या प्रार्थनेची घंटा सव्वाआठला.
चॅपेलच्या पत्र्यावर महूची फुलं टपटपत असतात,
कोकणी मॅडम डोळे मिटून आमेन म्हणतात
आणि त्याच श्वासात,
"पर्यावरणवाले, तिसरं वर्ष, बाटल्या घेऊन फाटकाशी."

तीनशे मिलिलिटरची बाटली, काचेचं बूच.
भरायची पाण्याच्या आतच, तिरपी धरून.
बुडबुडा अडकला तर वरची हवा
फुकट नदीच्या नावावर लागते.
खोटी साक्ष, मॅडम म्हणतात.
शमीम पिंजारी हसते. तिला दहा आज्ञा पाठ नाहीत,
पण तिच्या बाटलीत आजवर बुडबुडा आलेला नाही.

स्टेशन एक, तुरीच्या शेतांखालचा डोह.
स्टेशन दोन, होस्टेलच्या मागे, जिथं आम्हीच कपडे धुतो.
तिसरं टिंब नकाशावर मी दिलं,
अंतर सारखं हवं म्हणून पट्टीनं मोजून,
आणि दिल्यावर बघितलं कुठं पडलंय ते.
उंबराखालची सपाट शिळा.

इथंच बाबा उतरले होते कमरेपर्यंत,
नेसूचं पांढरं धोतर उसनं.
पाण्यात गेले जालम, वर आले योसेफ.
नाकात पाणी गेलं म्हणून खोकले,
काठावरच्यांना वाटलं रडताहेत,
तेही रडले.
दर नाताळला बाबा हे सांगतात, खोकल्यासकट.

प्रयोगशाळेत नथ्थूआप्पांनी ट्रे मांडलेला.
पहिलं द्रावण, दुसरं द्रावण, बूच,
मग पंधरा वेळा उलटी-सुलटी.
प्राणवायू असला की साका तपकिरी बसतो.
एकची बाटली कोऱ्या चहासारखी.
दोनची फिकट, पण आहे.
तीनची

पांढरी.

नवापूरच्या बाजारातून आईनं आणलेलं
झावळ्यांच्या रविवारचं कापड असतं
तशी.

आप्पा चष्मा वर करून जवळ आले.
"धव्वं उनं ना?" म्हणाले.
"पानी मरी गये व माय."

मी तीनदा केलं. चौथ्यांदा शमीमनं.
मधल्या वेळेत एकची बाटली ब्युरेटखाली घेतली.
स्टार्च घातल्यावर निळंभोर होतं,
मग एकेक थेंब, एकेक थेंब,
आणि एका थेंबाला निळं निघून जातं.
किती होतं ते त्याच्या जाण्यावरून कळतं.
तीनच्या बाटलीत
जायलाच काही नव्हतं.

घरी बाबा ओट्यावर शिंदीच्या झावळ्या सोलत बसलेले,
मांडीवर छोट्या क्रुसांचा ढीग.
"आपल्या शिळेपाशी काय आलं मग?"
मी जर्नल पुढं केलं.
त्यांचं बोट रकान्यातून उतरत गेलं, सहा पूर्णांक आठ,
पाच पूर्णांक एक,
थांबलं.

"पूज्य," ते म्हणाले.

मिशनच्या शाळेत गुरुजींनी त्यांना
शून्य असंच शिकवलेलं.
मी हो म्हटलं.
वरच्या अंगाला रात्री कोण काय सोडतं,
ते सांगायला तोंड उघडलं होतं,
पण त्यांचं बोट अजून तिथंच होतं,
जसं आईच्या कपाळाला ताप आहे का बघताना असतं.

मग म्हणाले, "तू नीट धरली होतीस?"
धरली होती, बाबा. चार वेळा.
"उद्या मी येतो. एकदा मी धरून बघतो."

वास येतो, म्हटलं. अंगाला खाज सुटते,
मॅडम आम्हालाही बूट घालून उतरवतात.
काठावरून दोरीनं बादली टाकू.

"पण तूच म्हणालीस ना,
बाटली आतच भरायची असते."

सकाळी धोतर गुडघ्यावर खोचून ते उभे राहिले.
शमीमनं वेळ लिहिली, तापमान लिहिलं.
ते शिळेवरून खाली पाय टाकत होते,
ओठ हलत होते, काय ते ऐकू आलं नाही.
मी बूच हातात घेऊन मागून एवढंच म्हटलं,
बुडबुडा येऊ देऊ नका.