ढोल बजाव

सकाळी साडेनऊला आम्ही एकाच फाटकाशी पोचलो:
मी, टॉर्च आणि लांब दांड्याचा डाव घेऊन,
मलेरिया विभाग, ठेकेदारामार्फत,
आणि घरपट्टीवाले, चार ढोल घेऊन.

धात्रकसाहेबांच्या हातात यादी. माझ्याही हातात यादी.
सिडको, पाचवी स्कीम, गिरणीसमोरचं घर.
त्यांच्या कागदावर: भोगवटादार मुरलीधर विठोबा बोरनारे,
थकबाकी एकाहत्तर हजार चारशे नऊ, शास्तीसकट.
माझ्या कागदावर नाव नाही. नुसतं,
रुग्ण स्त्री, वय एकोणीस, डेंग्यू पॉझिटिव्ह,
लगतची पन्नास घरे तपासणे.

ढोलवाली पोरं मखमलाबादची.
मिरवणुकीत ह्यांची छाती मावत नाही रस्त्यात,
आज सगळी आपापले बूट बघत उभी.
एकानं विचारलं, साहेब, वाजवायचं किती वेळ?
साहेब म्हणाले, पैसे निघेपर्यंत.
मग जरा थांबून म्हणाले, नाहीतर अकरापर्यंत.

मी म्हटलं, मला आधी आत जाऊ द्या,
माझं काम लहान आहे.

बोरनारेबाईंनी दार उघडलं ते अर्धंच.
म्हणाल्या, ते वारले, तीन वर्षं झाली.
बिलाला कुणी सांगितलं नाही.
मोरीत निळं पिंप, वर ताटली, ताटलीवर दगड,
दगड सरकलेला. टॉर्च मारला तर
पाणी बारीक बारीक वळवळत होतं.
दर आठवड्याला कोरडं करा ना बाई, पत्रकात छापलंय.
त्या म्हणाल्या, नळ पहाटे चाळीस मिनिटं, करंगळीएवढा.
कोरडं करायचं, तर भरायचं कशानं?
ह्याचं उत्तर पत्रकात नाही.
मागच्या बाजूला जाहिरात आहे, वेळेत कर भरा, सवलत मिळवा.

आणि तेवढ्यात बाहेर पहिली थाप पडली.
खिडकीची काच थरथरली, कपाटातले पेलेसुद्धा.
मच्छरदाणीतून पोरीनं विचारलं, कसला ढोल गं?
बाई म्हणाल्या, गणपतीची प्रॅक्टिस असेल.
एवढ्या लवकर?
यंदा लवकर घेतलीय म्हणे.

पोरगी पडून ऐकत राहिली.
मनगटावर अजून सलाईनची पट्टी,
बोटं मात्र गादीवर हलायला लागली.
कालच्या प्लेटलेट अठ्ठ्याऐंशी हजार.
दोन्ही आकडे हजारांत, मला उगीच वाटून गेलं,
एक चढतोय, एक उतरतोय.
तिसऱ्याचा हात मागे पडतोय, ती म्हणाली.
कोण तिसरा?
डावीकडून तिसरा. टिपरू सैल धरलंय त्यानं.
गेल्या साली मी ताशावर होते, मला कळतं.

मी पिंप आडवं केलं.
पाणी मोरीतून अंगणात, अंगणातून फाटकाखालून
थेट ढोलवाल्यांच्या बुटांखाली गेलं.
त्या दिवशी बोरनारेंकडून महापालिकेकडे
वसूल झालं ते एवढंच.
पोरं बाजूला झाली, ताल तुटला.
मी साहेबांना म्हटलं, आत पेशंट आहे.
साहेबांनी चष्मा काढून पुसला.
यादीवर काहीतरी लिहिलं, मला दाखवलं नाही.
मग म्हणाले, चला, पुढचं घर.
जाता जाता मी डावीकडून तिसऱ्याला सांगितलं,
टिपरू घट्ट धर.
तो बिचारा दिवसभर विचारात पडला असणार.

दारावर मी खडूनं तारीख टाकली.
भांडी तपासली सहा, दूषित एक.
शेजारी ह्यांची नोटीस चिकटवलेली, डिंक ओलाच.
पन्नासातली अजून सत्तेचाळीस घरं राहिली होती.
चालताना हिशेब केला,
माझा पगार जून आणि जुलैचा अडकलाय.
ठेकेदाराचं ऑफिस शरणपूर रोडला, दुसरा मजला,
तिथे ढोल चढवायचा तर जिना अरुंद आहे.

संध्याकाळी चुंचाळ्याला खोलीवर आले.
इथली घरपट्टी भाड्यात धरलेली, असं मालक म्हणतो.
दिवा न लावता आधी फ्रीज पुढे ओढला,
मागचा ट्रे बाहेर काढला, टॉर्च मारला.
दीड वर्षांत पहिल्यांदाच.
कोरडा नव्हता.