आवक

महोदय,
इथवर लिहून पेन थांबतं दरवेळी.
अंबडच्या आमच्या गाळ्यांत
एरवी कुणी कुणाला महोदय म्हणत नाही.

‘निरगुडेंचं लेथ मशीन दुपारपासून बंद,
स्थिर आकार मात्र चालूच.’
हे वाक्य मी तीनदा खोडलं.
निवेदनात विनोद चालत नाहीत.

सतरावं पत्र. मागणी तीच,
फक्त सह्या कमी:
दामू कासारांनी गाळा विकला,
शाहिस्ताबाईंनी पॅकिंग सिन्नरला हलवलं.

सीबीएसला उतरून, रांग धरून, दुसरा मजला.
कारकुनानं पॅडवर थुंकल्यासारखं करून
शिक्का मारला. आवक.
पितळी मूठ ओळखीची वाटली.
मागून घेतली, उलटी केली.
तळाशी बारीक ‘नि’.

संध्याकाळी निरगुडेंना सांगितलं.
मशीन पुसता पुसता म्हणाले,
हां, ते बिल
अजून तिथंच आहे.