खुंटीची आंघोळ

अनीस परीक्षेला पुण्याला गेला
आणि जाताना साप माझ्या गळ्यात घालून गेला.
अगदी गळ्यात नाही. पेटीत.
अजगरातलाच बारका परदेशी प्रकार, दोन हात लांब,
सरकारदरबारी नोंदलेला, कागद कपाटात आहे.
नाव खुंटी. पिल्लू होतं तेव्हा
दुकानातल्या तंबोऱ्याच्या खुंटीला
वेढा घालून झोपलं होतं, म्हणून.

आता कात अडकलीय तिची.
जुन्या लाखेचे पोपडे सुटावेत तशी,
अर्धी अंगावर, अर्धी हवेत.
डोळ्यांवर दुधी पडदे.
"आंघोळ घाला अब्बा, पण नीट,"
अनीस फोनवर सांगतो.
मिरजेच्या या गल्लीत
'नीट' हा शब्द चाळीस वर्षं मी दुसऱ्यांना सांगत आलो.

कृष्णेचं नळाचं पाणी, त्याला औषधाचा वास.
रात्रभर बादलीत उघडं ठेवलं.
टब नवा आणला, झाकणाला भोकं पाडली गिरमिटानं,
कडा घासून घेतल्या, तिला खरचटू नये म्हणून.
हमीदा उंबऱ्यावरूनच बोलली,
"माझ्या परातीकडे बघायचंसुद्धा नाही."
बरोबर बोलली. सापाचं भांडं सापाचंच.

सकाळी थोडं ऊन पाणी मिसळलं,
कोपर बुडवून पाहिलं,
अनीस तान्हा होता तेव्हा पाहायचो तसंच.
कोपराला काहीच कळू नये, इतपत कोमट.
पाणी तिच्या अर्ध्या जाडीपर्यंत,
डोकं कायम वर.
साबण नाही. शाम्पू नाही. अत्तर तर नाहीच.
परवा उंदीर दिला होता, तो पचलाय,
पोट पुन्हा सपाट आहे.

दोन्ही हातांनी खालून आधार दिला.
ती पाण्यात उतरली
आणि टबाच्या कडेकडेनं
आपलं माप घेत फिरली.

वीस मिनिटं. मी जागचा हललो नाही.
सांगलीहून गिऱ्हाईक आलं, सतारीची जवारी खोलायला.
म्हटलं, बसा. साप भिजतोय.
ते बसले नाहीत.

भिजवणं मला माहीत आहे.
भोपळा पाण्यात घालतो आम्ही, कापायच्या आधी,
कवच नरम होईपर्यंत.
वस्ताद गावाला गेले होते त्या वर्षी
मी घाई केली, कोरडाच कापला.
देठापासून तळापर्यंत तडा गेला.
वस्ताद काही बोलले नाहीत.
तो भोपळा मात्र त्यांनी
वर्षभर माझ्या बैठकीसमोर टांगून ठेवला.

मग ओला खरखरीत पंचा सैल धरला,
तिला त्यातून जाऊ दिलं.
ओढायचं नाही. तिनंच जायचं.
पंच्यात उरली पांढरी जाळी,
तिच्यावर प्रत्येक खवल्याची खूण.

एका डोळ्यावरचा पडदा राहिला.
नख तिकडे आपोआप जात होतं.
अंगठा मुठीत दाबून धरला.
उद्या पुन्हा पाणी. नाहीच निघाला
तर जनावरांचे डॉक्टर आहेत.

तिला पुसलं, पेटीत ठेवलं, कडी दोनदा पाहिली.
टब धुतला. साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत.

कात वाळत घातलीय बाकावर,
तारांच्या रिळांशेजारी.
हमीदा येऊन गेली दोनदा.
दुसऱ्यांदा तिनं एका बोटानं
टोक उचलून पाहिलं.