पंधरा मीटर केबल

लोर्न झ्विकर दुकानात शिरला तेव्हा
बुटांना अजून होडीचा भुसा चिकटलेला होता.
गिटारला पेटी नव्हती,
जुन्या शिडाच्या कापडात गुंडाळून आणलेली.
"छोटा अँप हवाय," म्हणाला, "घरच्या घरी वाजवायला."

ब्रिजवॉटरला, मार्चमधल्या मंगळवारी,
रस्त्याकडेला काळं पडलेलं बर्फ असताना
गिऱ्हाईक येणं म्हणजे सणच.
मी तीन अँप मांडले.
एक पावाच्या डब्याएवढा, बॅटरीवर चालणारा.
एक लाकडी अंगाचा, पंधरा वॅटचा.
आणि एक, ज्यावर माझं कमिशन जास्त.

मग माझी टकळी सुरू झाली.
इलेक्ट्रिकचा अँप अकूस्टिकला चालत नाही, काका,
तो प्रत्येक सुराला तिखटमीठ लावतो.
तुम्हाला हवा सरळमार्गी,
आत जे गेलं तेच बाहेर सांगणारा.
थोडा रिव्हर्ब असू द्या, रिकाम्या चर्चइतका.
आणि गिटार अगदी जवळ नेऊ नका,
पोकळ पोट ते, लगेच घुमायला लागतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं.
कापड सोडलंच नाही.
पहिल्या अँपचं आवाजाचं बटण
नुसतं फिरवून पाहिलं, डावीकडे, उजवीकडे,
मग अंगठा आत दुमडून
उरलेल्यांपैकी दोनच बोटांनी.
"घट्ट आहे."
दुसऱ्याचं गुळगुळीत, बोटं घसरली.
मी म्हटलं, अहो, वाजवून तरी बघा.
"वाजायचं तसं वाजेलच," म्हणाला.
"केबल किती लांबीची मिळते?"

तीन मीटर पुष्कळ झाली.
"पंधरा हवी."
पंधरात वरचे सूर वाटेतच विरतात, मी म्हटलं,
तारेची चमक जाते, बोथट होतं सगळं.
"वरचे सूर तिला तसेही पोचत नाहीत."

मी गप्प झालो.
त्यानं कानामागची सुताराची पेन्सिल काढली
आणि माझ्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर घर काढलं:
स्वयंपाकघर, तेरा पायऱ्या, दार,
खिडकी, पलंग, पलंगाशेजारी स्टूल.
स्टुलावर एक चौकोन. तो अँप.
खाली चुलीपाशी एक फुली. तो स्वतः.

वर्ना ऑक्टोबरपासून अंथरुणाला खिळलेली.
उजवं अंग गेलं,
डाव्या हाताची दोन बोटं तिचं ऐकतात.
मी विचारलं, मग वरच का नाही बसत, तिच्याजवळ?
"बसलो होतो. म्हणाली,
समोर बसलास की तुला वाईट म्हणता येत नाही.
चाळीस वर्षं जिथे असेल तिथून ओरडायची, पुरे आता!
आता ओरडता येत नाही."

तिसऱ्या अँपचं बटण
बाटलीच्या झाकणासारखं, कडेला खाचा असलेलं, सैल.
दोन बोटांच्या नुसत्या कडेनं फिरलं
आणि शून्यावर येताना म्हणालं: टक.
त्यानं पुन्हा केलं. टक.
"हाच."

कमिशनचं मी बोललो नाही.
केबलचे पैसे मात्र लावले नाहीत,
मालकाला सांगितलं, उंदरानं कुरतडली.
निघताना एकदाच कापड सोडून दाखवलं त्यानं:
पिकअप स्वतःच्या हातानं बसवलेला,
पुढची फळी स्प्रूसची, होडीच्या डोलकाठीतून उरलेली.

मे महिन्यात तारा घ्यायला आला.
मी विचारलं, ऐकतात का?
"काय माहीत. खाली मला फक्त लाकूड ऐकू येतं.
ती चालू ठेवते की बंद करून झोपते, कळायला मार्ग नाही.
मी आपलं गाणं संपेपर्यंत वाजवतो."

पैसे मोजले, चिल्लर दोनदा मोजली.
दारापर्यंत गेला, थांबला.
"परवा मधल्या कडव्यात बोट चुकलं.
तेव्हा वरून,
तेरा पायऱ्या उतरून आल्यासारखं,
स्पष्ट ऐकू आलं: टक."

असा हसला की काय सांगू.
परत आला आणि तारांचा आणखी एक संच मागितला.