निशाणी नांगर

खळीत चिमूटभर मोरचूद घातला
की कागदाला कसर लागत नाही,
एवढं बाबांनी शिकवलं. बाकीचं वह्यांनी.
पंचवटीत, गायधनींच्या माडीवर
मी नामावळ्या सांधते,
एकोणसत्तरच्या पुरात भिजलेल्या,
शिवणीत अजून गोदेचा गाळ धरून बसलेल्या.

लोक रामकुंडावरून ओल्या पायांनी वर येतात,
आधी आजोबांचं नाव शोधतात,
मग सापडलं की धीट होतात:
लेण्यातलं भुयार खरंच त्र्यंबकला निघतं का हो?
भाऊसाहेब पडले, की बैरागी होऊन फिरले?
वामनभट चष्मा पुसत राहतात.
"वहीत कोण आलं तेवढंच असतं.
आणि तेही, त्यानं सांगितलं म्हणून."

भुयाराचं मला काही नाही.
मला एक पान छळतं.

शके सोळाशे एकोणऐंशी.
मौजे खडकपिंपरीचे ढोमसे,
तुकाजी आणि रखमाजी, दोघे बंधू,
आईच्या अस्थी घेऊन आले.
खाली दोन नांगर,
दोघांचेही फाळ डावीकडे.

शके सोळाशे त्र्याऐंशी.
तुकाजी एकटा.
बंधू रखमाजी पानपतावर कामास आले,
त्यांचे श्राद्ध केले.
निशाणी नांगर.

आणि दोन बोटं खाली, फिकट शाईत,
शके सोळाशे पंच्याऐंशी, माघ वद्य:
रखमाजी बिन सटवाजी आले.
वडिलांचे श्राद्ध केले.
निशाणी नांगर.

ज्याचं श्राद्ध झालं
तो बापाचं श्राद्ध करून गेला.

हा नांगर उजवीकडे वळलेला.
रेघ कापरी, इसाड वाकडं.
कुणी दुसराच होता का,
वाटेत कुठे तरी गावाचं, गोताचं ऐकून
घरात शिरलेला?
की उजवा हात तिकडेच राहिला
आणि यानं डाव्यानं काढला?
तुकाजी पुढे कुठल्याच पानात नाही.

एकच माणूस सांगू शकलं असतं.
"भार्या" असं लिहिलंय,
आणि पुढचं नाव चाकूनं खरवडलंय.
पाठीमागे दिवा धरला की
तेवढी जागा चंद्रासारखी उजळते
(असं मी वामनभटांना म्हटलं,
ते म्हणाले, भोक पडेल, दिवा काढ).
एक काना दिसतो. कदाचित "गो".
गोदू, गोजरा, गोपिका,
किंवा कागदाचाच धागा.
तिनं त्याला उंबऱ्यात पाहिलं असेल
आणि ओळखलं असेल,
किंवा ओळखलं नसेल
आणि पाण्याचा तांब्या पुढे केला असेल.

पितृपक्षात दिंडोरीहून रत्नाकर ढोमसे आले,
पतपेढीत कॅशियर,
बरोबर आई, पार्वताबाई.
वंश खंडोजी बिन रखमाजीपासून लागत गेला,
सात पिढ्या, कुठे खळ नाही.
वामनभटांनी सवयीनं सगळं वाचलं,
मधलंही.
रत्नाकरांनी मोबाइल काढला, फोटो घेतला,
मोठा करून पाहिला, आणखी मोठा,
नुसते रंगाचे चौकोन उरेपर्यंत.
"मग आम्ही कोणाचे?"

खाली भांडी बाजारात कुणी तरी
तांब्याच्या घागरी उतरवत होतं.
मी कुंचला पाण्यात धरला.
त्या खरवडल्या जागेवर
ठिगळाचा कागद कापून तयार होता,
सकाळपासून. लावला नव्हता.

"जमीन तर कसली ना त्यानं,"
पार्वताबाई म्हणाल्या, कुणालाच नाही.
मग आजची तारीख, वार, तिथी,
रत्नाकरांची सही, बॉलपेननं, इंग्रजीत, खाली रेघ.
पार्वताबाई सातवी शिकलेल्या.
त्यांनी पेन घेतलं, टोपण काढलं,
रखमाजीच्या नांगरावर बोट फिरवलं,
डावीकडून, मग उजवीकडून,
आणि मला विचारलं,
"पोरी, काढताना
पहिली रेघ कुठली गं?"